डास राहिले, ताप गेला: हिवताप, पिवळा ताप, हत्तीरोग यांच्याशी झालेल्या लढ्यांबद्दल

कवडसा

गेले काही महिने मी डासांमुळे पसरणाऱ्या रोगांचा इतिहास वाचते आहे. सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं, गोष्ट ओळखीचीच आहे. हिवतापावरचं औषध कोयनेल होतंच, रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, मग डीडीटी हे कीटकनाशक आलं. पण आत शिरत गेले तशी ही गोष्ट फारच तोकडी वाटायला लागली. त्याबद्दल लिहायचं आहे आणि तुमच्याकडून ऐकायचंही आहे.

मला खिळवून ठेवलं ते ब्राझीलने. मार्च १९३० मध्ये तिथल्या ईशान्य किनाऱ्यावर, नाताल शहरात, रेमंड शॅनन या कीटकतज्ज्ञाला साचलेल्या पाण्यात काही अळ्या सापडल्या. त्या होत्या आफ्रिकेतल्या अ‍ॅनोफिलीस गॅम्बी जातीच्या. माणसाच्या रक्ताची या डासाला विलक्षण ओढ. घरात शिरतो, घरातच टेकतो. हिवताप पसरवण्यात याचा हात धरणारा दुसरा डास नाही. डाकारहून अटलांटिक ओलांडणाऱ्या वेगवान टपालबोटींतून तो आला असावा. नातालमध्ये तापाची साथ आली, शहरात मोहीम झाली, साथ ओसरली, आणि सगळ्यांचं लक्ष उडालं. डास मात्र किनाऱ्याकिनाऱ्याने, नद्यांच्या खोऱ्यांतून आत सरकत राहिला. आठ वर्षांनी, १९३८ मध्ये, जाग्वारिबी नदीच्या खोऱ्यात भडका उडाला. लाखभर लोक आजारी पडले, सुमारे १४,००० दगावले.

त्यानंतर ब्राझील सरकार आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून जी यंत्रणा उभी केली तिचा प्रमुख होता फ्रेड सोपर. डीडीटी अजून हाती आलेलं नव्हतं. जवळ होतं ते पॅरिस ग्रीन (तांबं आणि आर्सेनिक असलेलं हिरवं चूर्ण, पाण्यावर भुरभुरायचं), घरात मारायला पायरेथ्रमचा फवारा, नकाशे, वह्या आणि सुमारे ४,००० माणसं. प्रत्येकाला नेमून दिलेला पट्टा. एकाने तपासलेली जागा दुसरा येऊन पुन्हा तपासणार. बाधित भागातून बाहेर पडणाऱ्या मोटारी आणि आगगाड्या थांबवून आतून फवारणार. १९४० च्या अखेरीस ब्राझीलमधून ही जात नाहीशी झाली होती. ब्राझीलचे स्वतःचे डास होते तिथेच राहिले.

मला जे वाटतं ते सरळ सांगते. शोध लावणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. पण तेच डबकं दर आठवड्याला जाऊन पाहणाऱ्यांशिवाय यातला एकही शोध कामी आला नसता. आणि जिथे जिथे आपण हरलो, तिथे बहुतेक वेळा रुग्ण कमी झाले म्हणून पाहणं थांबवलं होतं. तुम्हाला काय वाटतं?

मुशाफिर

कवडसा, धागा आवडला. पण रॉसला इतक्या घाईने बाजूला सारू नका. त्याचं काम म्हणजेसुद्धा तेच ते पुन्हा पाहणं होतं.

सिकंदराबादला तो दोन वर्षं डास चिरत होता आणि हाती काही लागत नव्हतं, कारण ते डासच चुकीच्या जातीचे होते. ऑगस्ट १८९७ मध्ये त्याच्याकडे ठिपकेदार पंखांचे काही डास आले, म्हणजे अ‍ॅनोफिलीस. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला ते चावू दिले, दर डासामागे एक आणा देऊन. उकाडा भयंकर, पण पंखा लावायची सोय नाही, चिरलेले डास उडून जातील. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले. २० ऑगस्टला शेवटच्या काही डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत त्याला गोल पेशी दिसल्या आणि त्यांत काळे कण. हे काळे कण हिवतापाच्या जंतूची खूण, रुग्णाच्या रक्तात ते आधीच ओळखीचे झालेले. दुसऱ्या दिवशी दुसरा डास चिरला, तर पेशी मोठ्या झालेल्या. म्हणजे ते जिवंत होतं आणि वाढत होतं.

त्यानंतर लगेच त्याची बदली झाली. माणसाच्या हिवतापाचं काम तिथेच राहिलं. १८९८ मध्ये कलकत्त्याला त्याने पक्ष्यांच्या हिवतापावर काम केलं आणि जंतू डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोचतो हे दाखवलं. तिथे त्याच्या हाताखाली मोहम्मद बक्ष होता, किशोरी मोहन बंद्योपाध्याय होते. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप अ‍ॅनोफिलीसच पसरवतो हे सिद्ध केलं. श्रेयावरून रॉस आणि ग्रासी जन्मभर भांडले, ते मला नेहमीच दुःखद वाटत आलं आहे. १९०२ चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं.

जुई

पिवळ्या तापाची बाजू मी मांडते, कारण तिथे किंमत फार मोठी होती.

क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच सांगितलं होतं की पिवळा ताप डास पसरवतो. जातसुद्धा बरोबर ओळखली होती, आज जिला एडिस इजिप्ती म्हणतात ती. जवळजवळ वीस वर्षं त्यांना कोणी गंभीरपणे घेतलं नाही. त्यांच्या प्रयोगांत एक दुवा निसटला होता. रुग्णाला चावलेला डास लगेच दुसऱ्याला आजारी करत नाही. विषाणू त्याच्या अंगात वाढायला दहा-बारा दिवस लागतात. १९०० मध्ये वॉल्टर रीडचं अमेरिकी पथक हवानाला आलं, तेव्हा फिनलेंनी आपल्याकडची डासांची अंडी त्यांना दिली. पथकातला जेसी लेझियर त्याच सप्टेंबरमध्ये पिवळ्या तापाने गेला. वय ३४.

त्याच्या नावाने उभारलेल्या छावणीत दोन झोपड्या होत्या. एकीत स्वयंसेवक रुग्णांच्या ओकारीने आणि मळाने भरलेल्या चादरींत २० रात्री झोपले. एकही आजारी पडला नाही. दुसरी झोपडी स्वच्छ, मधोमध जाळी, जाळीच्या एका बाजूला रुग्णांना चावलेले डास. त्या बाजूचा माणूस आजारी पडला, पलीकडचे ठणठणीत राहिले. घाणेरड्या कपड्यांतून रोग पसरतो ही कित्येक पिढ्यांची समजूत त्या दोन खोल्यांत संपली. पुढच्या वर्षी क्लारा मास ही परिचारिका अशाच प्रयोगात स्वतःला डास चावून घेऊन मरण पावली. ती २५ वर्षांची होती. तिचं नाव वाचलं की मी प्रत्येक वेळी थांबते.

मग अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गसने हवानात घरोघरची पिंपं झाकली, साचलेल्या पाण्यावर तेल टाकलं, रुग्णांच्या खोल्यांना जाळ्या लावल्या. काही महिन्यांत शहरातला पिवळा ताप गेला. हेच त्याने १९०४ पासून पनामात केलं. तिथे आधी फ्रेंचांनी कालवा खोदताना सुमारे २०,००० माणसं गमावली होती. त्यांच्या इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत. तापाच्या रुग्णाच्या खाटेखालीच डासांची पैदास.

राघू

खाटेखालची भांडी! हे वाचून अंगावर काटा आला.

एक प्रश्न. १९३७ मध्ये पिवळ्या तापाची लस आली ना? मग हे सगळं डास मारणं का चालू राहिलं?

जुई

हो, मॅक्स थायलरची १७डी लस, अजूनही वापरात आहे. पण दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेत जंगलातली माकडं हा विषाणू जपून असतात. तो पुसून टाकता येत नाही. शिवाय त्याच डासाचे डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका आहेतच. १९४७ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांनी एडिस इजिप्ती समूळ घालवायचा निश्चय केला. १९६२ पर्यंत १८ देशांनी तो घालवला होता. मग पैसे आटले, माणसं कमी केली, आणि पुढच्या वीस वर्षांत डास जवळजवळ सगळीकडे परत आला. त्याच्या मागोमाग डेंग्यू. कवडसाचं म्हणणं इथे तंतोतंत लागू पडतं.

पाणवठा

मी थोडा विरोध करतो. हे सगळं अपयश चिकाटी संपल्याचं नाही. डीडीटीवर बंदी आणली म्हणून हिवताप परत आला आणि लाखो माणसं मेली, हे सत्य का टाळायचं? १९५५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाची मोहीम सुरू केली, ती डीडीटीच्याच भरवशावर ना?

कवडसा

पाणवठा, आधी मीही असंच समजत होते. पण तारखा लावून पाहिल्या तर जमत नाही.

श्रीलंका घ्या. १९४६ मध्ये तिथे सुमारे २८ लाख रुग्ण. फवारणीने १९६३ मध्ये किती उरले? १७. सतरा लाख नव्हे, सतरा माणसं. मग १९६४ मध्ये फवारणी थांबवली. १९६८-६९ मध्ये रुग्ण पाच लाखांच्या वर. अमेरिकेने शेतीतल्या डीडीटीवर बंदी घातली ती १९७२ मध्ये. त्यामुळे श्रीलंकेत फवारणी थांबली त्याला बंदी कारण नव्हती, ते सतरा कारण होते. भारतातही तेच. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी रुग्णांचा अंदाज, १९६५ मध्ये सुमारे १ लाख, १९७६ मध्ये ६४ लाख.

आणि घातक रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या २००१ च्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारातही रोगवाहक डासांसाठी डीडीटीला मुभा आहे. डीडीटीला सगळ्यात मोठा धक्का दिला तो डासांनीच. ग्रीसमध्ये १९५१ मध्येच त्याला न जुमानणारे अ‍ॅनोफिलीस सापडले होते. शेतात टनांनी ओतल्यामुळे ही सवय डासांना आणखी लवकर जडली. शेतीतला वापर आधीच आवरला असता, तर घरांच्या भिंतींसाठी ते औषध जास्त वर्षं टिकलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. त्या 'जागतिक' मोहिमेत सहाराच्या दक्षिणेकडची बहुतेक आफ्रिका धरलीच नव्हती. जिथे सगळ्यात जास्त मुलं मरत होती तोच भाग वगळला. १९६९ मध्ये मोहीम गुंडाळली, तेव्हा त्या मुलांच्या वाट्याला तिच्यातलं काहीच आलं नव्हतं.

पाणवठा

तारखांचा मुद्दा मान्य. श्रीलंकेचं मला माहीत नव्हतं. नंतर काय झालं तिथे?

कवडसा

पुन्हा सुरुवात केली. युद्धाच्या काळातही रक्ततपासणी आणि फवारणी चालू ठेवली. सप्टेंबर २०१६ मध्ये हिवतापमुक्त जाहीर झाले. अ‍ॅनोफिलीस अजूनही तिथे आहेत.

दशमान

'डास राहिले, ताप गेला' या शीर्षकामागचं गणित कोणीतरी मांडायला हवं, मी प्रयत्न करतो.

रॉसचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम नोबेलनंतरचं आहे. १९११ पर्यंत त्याने समीकरणांनी दाखवलं की हिवताप संपवायला शेवटचा डास मारावा लागत नाही. माणसांच्या प्रमाणात डास एका मर्यादेखाली गेले की एका रुग्णामागे एकापेक्षा कमी नवा रुग्ण तयार होतो आणि रोग आपोआप विझतो. तेव्हा अनेकांचा आक्षेप होता की सगळे डास मारणं अशक्य, मग खटाटोप कशाला. त्याला हे उत्तर होतं.

१९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्डने यात भर घातली. अ‍ॅनोफिलीसच्या पोटात गेलेला जंतू लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा दिवस किंवा जास्त लागतात. म्हणजे रोग पसरवतो तो म्हातारा डास. आता समजा, रोज १०० पैकी ९० डास जगतात. दहा दिवसांनी सुमारे ३५ उरतील. भिंतीवर औषध आहे आणि रोज ६० च जगतात असं धरा. दहा दिवसांनी १०० मधला एकही धड उरत नाही. रोजच्या मरणात चौपट वाढ, आणि रोगाच्या प्रसारात त्याहून कितीतरी मोठी घट. मादी रक्त पिऊन जड होते आणि जवळच्या भिंतीवर टेकते, म्हणून भिंत फवारायची. औषधी मच्छरदाणीचं गणितही हेच. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत जेवढे हिवतापाचे रुग्ण टळले त्यांतले सुमारे दोन तृतीयांश या मच्छरदाण्यांमुळे टळले असा अंदाज आहे.

राघू

वा, हे पहिल्यांदाच नीट कळलं. म्हणजे डास म्हातारे होऊ द्यायचे नाहीत!

काचपट्टी

मी प्रयोगशाळेत रक्तनमुने तपासते, वीस वर्षं झाली. कवडसाने ज्या 'पाहणाऱ्यां'बद्दल लिहिलं त्यांतली मी एक, म्हणून लिहावंसं वाटलं.

रक्ताचा जाड थेंब काचपट्टीवर पसरून वाळवायचा, जिम्साचा रंग द्यायचा, धुवायचा, तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली घ्यायचा. जंतू दिसतो तो निळ्या अंगठीसारखा, अंगठीवर लाल खडा. फॅल्सिपेरमचे (हिवतापाच्या जंतूची सगळ्यात जीवघेणी जात) लैंगिक अवस्थेतले जंतू केळ्यासारखे वाकडे. ६ नोव्हेंबर १८८० ला अल्जीरियात, कॉन्स्टंटाइनच्या लष्करी इस्पितळात, लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने ताज्या रक्तात असेच आकार पाहिले आणि त्यांतल्या एका गोल आकारातून चाबकासारखे धागे वळवळत बाहेर येताना पाहिले. रंग दिलेला नाही, भिंग आजच्या मानाने साधं. मला ते अजून आश्चर्याचं वाटतं. त्या अल्जीरियाला हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र २०१९ मध्ये मिळालं.

आम्हाला शिकवलं होतं, १०० क्षेत्रं (भिंगातून एका वेळी दिसणारा पट्टीचा गोल तुकडा म्हणजे एक क्षेत्र) पाहिल्याशिवाय 'जंतू नाहीत' लिहायचं नाही. साथीच्या दिवसांत ते सोपं असतं, तिसऱ्या-चौथ्या क्षेत्रातच सापडतो. अवघड काळ नंतरचा. महिनोन्‌महिने शेकडो पट्ट्या कोऱ्या जातात आणि डोळा सैल पडतो. एकदा माझ्या हातून अशीच एक पट्टी सुटली. फेरतपासणीत ७० च्या पुढच्या क्षेत्रात एक अंगठी सापडली. रुग्ण पुन्हा बोलावला, औषध मिळालं, बरा झाला. पण त्या दिवसापासून शंभरच्या आत मी डोळा उचललेला नाही. रुग्ण कमी होतात तेव्हा काम वाढतं, हे निधी देणाऱ्यांना समजावणं फार कठीण जातं.

हत्तीरोगाचं काम तर रात्रीचं. त्याचे सूक्ष्म जंत दिवसा फुप्फुसात दडून बसतात आणि रात्री दहाच्या पुढे बोटाच्या रक्तात येतात, डास चावायच्या वेळेला. म्हणून लोक झोपल्यावर त्यांना उठवून रक्त घ्यायचं. पॅट्रिक मॅन्सनने १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉयला आपल्या हत्तीरोगाच्या जंतांनी बाधित माळ्याला चावलेल्या डासांत हे जंत वाढताना पाहिले. डास रोगाचा जंतू वाढवतो हे तिथे पहिल्यांदा दिसलं. पण त्याची समजूत अशी की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला बाधा होते. जंत डासाच्या सोंडेतूनच येतो हे १९०० मध्ये लो याने दाखवलं. चीनने पुढे औषध मिसळलेलं मीठ खाऊ घालून हा रोग आटोक्यात आणला आणि २००७ मध्ये त्याला तशी मान्यता मिळाली. तिथेही डास गेले नाहीत.

मुशाफिर

काचपट्टी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'रुग्ण कमी होतात तेव्हा काम वाढतं' हे मी लिहून ठेवलं आहे.

औषधांबद्दल थोडं. कोयनेल १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून वेगळं काढलं गेलं. पुढे जावातल्या डच मळ्यांनी जगाचा जवळजवळ सगळा पुरवठा हातात घेतला. ज्या बियांवर ते मळे उभे राहिले त्या बोलिव्हियातल्या मॅन्युएल इंक्रा मामानी या माणसाने जमवल्या होत्या. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि दोस्तांचं कोयनेल एका फटक्यात बंद झालं. क्लोरोक्वीन या कारखान्यात बनणाऱ्या औषधाचा काळ त्यानंतरचा. त्यालाही १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर जंतू दाद देईनासे झाले. मग चीनमध्ये तू योयो यांनी चौथ्या शतकातल्या ग्रंथातली एक ओळ पकडली: चिंगहाओ या वनस्पतीची मूठभर पानं पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा. उकळावी असं तिथे नव्हतं. उष्णतेने गुण जात असेल, या विचाराने त्यांनी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो उंदरांवर पूर्ण लागू पडला. माणसांना द्यायच्या आधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतः घेऊन पाहिला. तेच आर्टेमिसिनिन, आजच्या हिवताप-उपचाराचं मुख्य औषध.

पाणवठा

माझ्याकडून एक भर. १९०१ पासून माल्कम वॉटसनने मलायात किनाऱ्याजवळची शहरं झाडी तोडून आणि चर खणून हिवतापातून सोडवली. तोच उपाय डोंगरातल्या रबराच्या मळ्यांत केला, तर हिवताप वाढला. कारण तिथला डास, अ‍ॅनोफिलीस मॅक्युलेटस, उन्हातल्या स्वच्छ वाहत्या झऱ्यांत वाढतो. झाडी काढून त्याला ऊन मिळवून दिलं. शेवटी झरे जमिनीखालच्या नळांत घातले, तेव्हा ताप हटला. डास कुठला हे न बघता केलेलं काम घातकही ठरतं.

जुई

डेंग्यूचं सांगून मी थांबते. एडिसवर भिंतीची फवारणी फारशी चालत नाही. तो कपड्यांवर, पलंगाखाली टेकतो आणि दिवसा चावतो. म्हणून आता वेगळी वाट आहे. वोल्बाकिया नावाचे जिवाणू कित्येक कीटकांत असतात, एडिस इजिप्तीत नसतात. ते त्याच्यात घातले की विषाणू नीट वाढत नाही, आणि मादीकडून ते पुढच्या पिढीत जातात. इंडोनेशियात योग्यकार्ता इथे असे डास सोडून पाहिले. २०२१ च्या निष्कर्षांनुसार डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी. डास तेवढेच.

कवडसा

पाणवठा, मॅक्युलेटसवरून एक सांगायचं राहिलं होतं. सध्या मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

अ‍ॅनोफिलीस स्टीफन्साय हा दक्षिण आशियातला, टाक्यांच्या आणि पिंपांच्या पाण्यात वाढणारा डास २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबुतीत सापडला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे २७ रुग्ण होते, देश निर्मूलनाच्या उंबरठ्यावर. २०२० मध्ये ७३,००० च्या वर. इथिओपिया, सुदान, सोमालियातही तो पोचला आहे. आफ्रिकेतली शहरं खेड्यांच्या मानाने आजवर बरीच सुरक्षित होती, कारण गॅम्बीला टाकीचं पाणी फारसं मानवत नाही. आता दोन लसी आहेत, २०२१ आणि २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या, आणि तरी २०२३ मध्ये हिवतापाने जगात सुमारे ५,९७,००० माणसं गेली, बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. नाताल १९३० आणि जिबुती २०१२ शेजारी ठेवून वाचते तेव्हा झोप उडते.

राघू

काचपट्टी, नुसती अळी पाहून डासाची जात सांगता येते का? घरच्या घरी?

काचपट्टी

जात नाही, पण गट नक्की. पाण्यातल्या अळ्या पांढऱ्या वाडग्यात घ्या. अ‍ॅनोफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी पडून असते. एडिस आणि क्युलेक्सच्या अळ्या शेपटाकडची नळी वर लावून डोकं खाली करून लोंबतात. अ‍ॅनोफिलीसमधला स्टीफन्साय ओळखायला मात्र मोठा झालेला डास भिंगाखाली लागतो.

वाडग्यावर वाकताना तुमची सावली पडली की सगळ्या एकदम तळाला जातील आणि वाटेल काहीच नाही. लगेच ओतू नका. मिनिटभर तसंच धरा, श्वासासाठी त्यांना वर यावंच लागतं.